रात्रीचा यजमान

रात्री साडेअकराच्या सुमारास, म्हणजे ज्या वेळी सभ्य गृहस्थाने दिवा मालवून अंथरुणाला पाठ टेकावी अशी आपल्या वाडवडिलांची शिकवण होती त्या वेळी, अमेरिकेतील लक्षावधी घरांत एक सडपातळ गृहस्थ दूरचित्रवाणीच्या रंगीत पडद्याआडून बाहेर येत, चार विनोद करीत, राज्यकर्त्यांस दोन चिमटे काढीत, आणि उशीवर डोके टेकून त्यांच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकास असे वाटे की हा मनुष्य केवळ आपल्याशीच बोलत आहे. जॉनी कार्सन हे त्यांचे नाव. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२ अशी जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ‘द टुनाइट शो’ या कार्यक्रमाचे यजमानपद सांभाळले. नेब्रास्कासारख्या शेतकी मुलुखात वाढलेल्या या गृहस्थांच्या घरचा उंबरठा मात्र फार थोड्यांनी ओलांडला. त्यांचे चार विवाह झाले, पैकी तीन मोडले. आणि हजारोंच्या समुदायाला हसविणारा हा मनुष्य पाचदहा जणांच्या बैठकीत अवघडून कोपरा धरतो, असे त्यांना जवळून पाहणारे सांगत.

१९९१ च्या जून महिन्यात त्यांचा छायाचित्रकार मुलगा मोटार-अपघातात गेला. १७ जुलैला कार्सन पुन्हा पडद्यावर आले, रिवाजाप्रमाणे त्यांनी हसविले, पाहुण्यांशी गप्पा केल्या, आणि कार्यक्रम संपता संपता मुलाने टिपलेली निसर्गाची काही छायाचित्रे दाखविली. स्वर किंचित कातर झाला, इतकेच. तीस वर्षांत त्या घराची खिडकी प्रेक्षकांसाठी अशी किलकिली झाल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

ही हकीकत ऐकली की आम्हा वऱ्हाडच्या मंडळींस कोकणातील खारेपाटण आठवल्यावाचून राहत नाही. १९२३ साली त्या गावी अमरावती जिल्ह्यातला एक मनुष्य रात्रीच्या समुदायासमोर कीर्तनाला उभा असताना त्याचा मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली. आजवर कोट्यवधी गेले, त्यात एकासाठी काय रडावयाचे, अशा आशयाचे काही बोलून त्याने गजर तसाच पुढे चालू ठेवला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो मनुष्य म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, अर्थात गाडगेबाबा. संतांच्या मालिकेतून त्यांना क्षणभर उतरवून ‘रात्रीचा यजमान’ या एका नात्याने पाहण्याचे धाडस येथे करावयाचे आहे. आणि ते करताना मनात अनादर नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, शेंडगावच्या परीट कुटुंबातला. वडील व्यसनापायी अकाली गेले, आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास आली, आणि तेथे मामाच्या घरी गुरे राखता राखता व शेत कसता कसता हा मुलगा वाढला. मामाच्या जमिनीस सावकाराचा विळखा पडलेला त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. अक्षरओळख नसल्याने दस्तऐवजावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठविणारा शेतकरी आणि ते पुरते ठाऊक असलेला सावकार, हे त्या काळच्या वऱ्हाडातील कापसाच्या अर्थकारणाचे नित्याचे चित्र होते; पुढे बाबांच्या कीर्तनात कर्ज, दारू आणि निरक्षरता ही त्रयी पुनःपुन्हा का येई, याचे उत्तर दापुऱ्याच्या त्या शेतात आहे.

आता कीर्तनाच्या रात्रीकडे वळू. कीर्तन ही संस्था बहुतांशी रात्रीचीच. कारण श्रोता हा दिवसभर निंदणी-वेचणीत गुंतलेला, आणि भाकर खाऊन, गुरांना वैरण टाकून मोकळा होईतो प्रहर रात्र उलटलेली. नारदीय परंपरेतल्या कीर्तनकारास पूर्वरंग-उत्तररंगाची शिस्त असते, अंगावर उपरणे असते, मागे साथीदार असतात, आणि निरूपणाचा मूळ अभंग एकदा हाती घेतला की तो सिद्ध करूनच खाली ठेवावयाचा असतो. बाबांनी हा सारा सरंजाम गुंडाळून ठेवला. अंगावर चिंध्यांचे ठिगळलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हाती काठी, आणि जेवणापासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत सर्व कामांस पुरणारे ते मातीचे गाडगे. कार्सन शिवून घेतलेल्या कोटात येत, बाबा चिंध्यांत. पण दोन्ही पोशाख दुरून ओळखू यावेत असेच होते, आणि आपल्या वेषाचा समुदायावर काय परिणाम होतो याची जाण बाबांस नव्हती असे म्हणणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान होईल. दिवसा गावात येऊन खराट्याने रस्ते आणि पटांगण झाडावयाचे, आणि ज्या पटांगणातला कचरा भरला तेथेच रात्री उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम. एवढी प्रस्तावना कोणत्या वक्त्याने केली आहे?

मग ‘गोपाला’चा गजर. त्या गजराने दोन-चार सहस्र माणसांचा कंठ एक झाला की बाबा प्रश्न विचारू लागत. हे त्यांचे खरे शस्त्र. देवाची मूर्ती कोठे मिळते? बाजारात, असे समुदाय म्हणे. देवाला स्वतःची आंघोळ करता येते काय, स्वतःचे धोतर नेसता येते काय, पुढ्यातल्या नैवेद्यावर कुत्रे आले तर ते हाकलता येते काय? नाही, नाही, नाही. प्रत्येक उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई. आणि उत्तरे देता देता आपण कोठवर आलो हे त्यांस कळे तेव्हा परतीची वाट उरलेली नसे. कोणी अभ्यासू गृहस्थ यास तर्कशास्त्र म्हणेल; बाबांनी त्याला ते नाव दिले नाही, आणि नवससायासांवर, बोकडाच्या बळीवर, शिवाशिवीवर घाव घालणारा हा मनुष्य गावकऱ्यांनी कधी गावाबाहेर काढला नाही, याचे कारण तो घाव पडण्यापूर्वी लोक पोट धरून हसलेले असत.

भाषा वऱ्हाडी. ‘मला-तुला’च्या जागी ‘मले-तुले’, डोळ्याचा डोया, केळीची केयी, आणि ‘का’ म्हणावयाचे तेथे ‘काऊन’. पुण्यामुंबईच्या सुशिक्षितास त्या काळी ही बोली रांगडी वाटे. पुढे अमरावतीकडचे विनोदी नट भारत गणेशपुरे ‘चला हवा येऊ द्या’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तीच बोलू लागले की घरोघर हशा पिके. तथापि येथे एक भेद आहे. पडद्यावर हसू बरेचदा बोलीचेच येते, बाबांच्या कीर्तनात बोलीला कोणी हसत नसे. बोली ऐकून श्रोता सैल होई आणि मग जे ऐकावयास मिळे त्याला हसे.

या सगळ्याचा एक ध्वनिमुद्रित पुरावा सुदैवाने शिल्लक आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात झालेले बाबांचे कीर्तन मुद्रित झाले, आणि तेच त्यांचे अखेरचे ठरले. ऐंशी वर्षांच्या बाबांचा तो घोगरा, थकलेला, पण एका शब्दाचीही उधळपट्टी न करणारा आवाज ऐकावा, आणि प्रत्येक प्रश्नामागून येणारा समुदायाचा हुंकारही ऐकावा. जेवणाचे ताट विका, बायकोला स्वस्तातले लुगडे घ्या, पण पोरांना शिकविल्याशिवाय राहू नका, असा त्यातला उपदेश. आणि शिक्षणाने माणूस कोठवर जातो याचा दाखला म्हणून डॉ. आंबेडकरांचे नाव. बाबासाहेबांशी त्यांचा स्नेह होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली होती. त्या मुद्रणानंतर दीड महिन्याच्या आत दोघेही गेले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज या निरक्षर मनुष्याचे नाव आहे, आणि तेथील पदवीपत्रावर ते छापलेले पाहताना ताटे विकून शिकविलेल्या कितीएक पोरांच्या आया मनात येतात.

लुगड्याचा उल्लेख आला, तेव्हा जिला ते स्वस्तातले लुगडे नेसावे लागले तिच्याविषयी बोलणे प्राप्त आहे. आपल्याकडे जुन्या वळणाच्या स्त्रिया पतीचे नाव घेत नाहीत. ‘आमचे यजमान’ म्हणतात. कुंताबाईंचे यजमान १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हातारी आई, पत्नी व मुले यांना मागे ठेवून घराबाहेर पडले आणि साऱ्या मुलुखाचे यजमान झाले. नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या, तेथे परक्यांच्या आजारी माणसांस व अठरापगड यात्रेकरूंस निवारा दिला. कुंताबाई मात्र पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे झोपडीत राहिल्या. लाखो रुपयांच्या मिळकतींत आपल्या आप्तांचा हक्क नाही, त्यांनी तेथे वारस म्हणून पाऊल ठेवू नये, याविषयी बाबांचा कटाक्ष इतका कडवा होता की तो आज एखाद्या सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांस वाचून दाखविला तर सभा बरखास्त होईल.

चरित्रकारांनी हे सर्व वैराग्याच्या खाती जमा केले आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, चरित्र लिहिले. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनीही लिहिले. १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी बाबांची भूमिका अशी केली की कित्येकांच्या डोळ्यांपुढे बाबा म्हणून आजही लागूच उभे राहतात. या सर्वांविषयी आदर राखून मला इतकेच म्हणावयाचे आहे की रोजकीर्दीत जमेची बाजू भरली की नावेची बाजूही भरावी लागते, आणि येथे ती बाजू एका बाईच्या नावावर आहे. वैराग्य बाबांनी पत्करले. कुंताबाईंवर ते आले. पत्करणे आणि येणे यांतील अंतर किती, हे ज्यांच्या घरातील कर्ता पुरुष लोककार्यास वाहून घेतो त्या घरांतल्या स्त्रियांना विचारावे. वऱ्हाडात अशी घरे पुष्कळ आहेत.

अर्थात कार्सन आणि बाबा यांस एका तागडीत घालता येणार नाही. कार्सनना आपले घर लोकांपासून राखावयाचे होते, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी द्रव्य होते, उंच कुंपण होते. बाबांना राखावयाचे घरच नव्हते. जे होते ते त्यांनी उघड्यावर सोडून दिले होते, आणि त्यात लपविण्याजोगे काही नव्हते. तरीही रात्री सहस्रांना आपलेसे करणाऱ्या माणसाजवळ, ती रात्र संपल्यावर, आपल्या एक-दोघांसाठी काय उरते, हा प्रश्न दोघांच्याही दाराशी येऊन थांबतो. मला वाटते, समुदायावरचे प्रेम आणि एका माणसावरचे प्रेम ही एकाच हंड्यातली असतात आणि हंड्याला बूड असते. खारेपाटणच्या त्या रात्री बाबांना रडू आले नाही असे मी मानत नाही. ते आले असेल तर गजरात आले असेल, आणि टाळांच्या नादात ते कोणास वेगळे ऐकू जाण्याचा संभव नव्हता. त्यांना रडावयास तेवढीच एक जागा उरली होती. कुंताबाईंना तीही नव्हती.

बाबांचे देहावसानही रात्रीच, प्रवासात, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर झाले. तारीख २० डिसेंबर १९५६. मोटार अमरावतीकडे येत होती. आज अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे, आणि तेथील वर्दळीत खराटा हाती घेतलेली पोरे दरवर्षी छायाचित्रांसाठी उभी राहतात; ती झाडतातही, हे सांगितलेच पाहिजे.

तेथून पुढे पूर्णेच्या काठी ऋणमोचन लागते. पौषातल्या रविवारी मुद्गलेश्वराची यात्रा भरते, बैलगाड्यांच्या जागी आता मोटारसायकली असतात, आणि येथील स्नानाने मनुष्य ऋणातून सुटतो असा समज असल्याने नदीत उतरणाऱ्यांची कमतरता नसते. बाबा या यात्रेस वर्षानुवर्षे येत. घाट त्यांनीच बांधविला. दिवसभर झाडलोट करीत, पांगळ्याआंधळ्यांच्या पंगती बसवीत, आणि रात्री वाळवंटात उभे राहून गजर सुरू करीत. थंडीच्या दिवसांत नदीकाठी आवाज फार दूरवर जातो. गाव लहान; झोपडीला भिंती कुडाच्या. प्रश्न आला की सारा समुदाय उत्तर देई, आणि पहाटे गर्दी उठण्यापूर्वीच यजमान पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत.