श्रावण पाळणार असाल तर आधी हे वाचा: दारू, किडनी आणि मेंदू



आज फवारणीचा सल्ला नाही. गटारी तोंडावर आलीय. दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडे बरेच जण श्रावण पाळतात, महिनाभर दारू बंद. चांगलंच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर कधी कधी जिवावर बेततं. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नाही. म्हणून यात औषधाचा डोस सांगणार नाही. काय होतं आणि कधी दवाखाना गाठायचा, एवढंच सांगतो.

*१. किडनी म्हणजे शरीराचा फिल्टर*
प्रत्येक किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं, बाकी शरीराला परत मिळतं. 'पाणी राखून ठेव' हा निरोप मेंदूकडून येतो. दारू नेमका तोच निरोप दाबते. म्हणून प्यायल्यावर सारखी लघवी होते आणि सकाळी तोंड कोरडं पडतं, डोकं दुखतं.

'बियरने मुतखडा पडतो' हे यातूनच आलंय. लघवी वाढते हे खरं, पण बियरने खडा विरघळत नाही. उलट नंतर शरीर कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड वाढतं. खड्यासाठी साधं पाणीच भरपूर प्या. किडनीचा आजार आधीपासून असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

*२. दारू आणि अंगदुखीची गोळी*
दिवसभर भांगलण किंवा उसाची लावण, घामाने अंग निथळलेलं. संध्याकाळी दुकानातून अंगदुखीची गोळी आणि वर क्वार्टर. ही जोडी वाईट. अंगात पाणी कमी पडलं की किडनी स्वतःकडे येणारी रक्ताची नळी रुंद ठेवून काम भागवते. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेनसारख्या गोळ्या नेमकं तेच थांबवतात. शिवाय दारूबरोबर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.

गिधाडं कशी संपली आठवतं? डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि किडनी निकामी होऊन गिधाडं मेली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण या औषधाचा घाव माणसातही किडनीवर बसू शकतो. पॅरासिटामॉल किडनीला त्यामानाने सौम्य, पण रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला तीही घातक ठरू शकते. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या.

ड्रिपचा फिल्टर तुंबला की गेजवर कळतं. किडनीचं तसं नाही. जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा नॉर्मल दिसतं. दारूने बीपीही वाढतो. बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. पायावर सूज, सकाळी डोळ्यांखाली सूज किंवा लघवीला फेस दिसला तर थांबू नका.

*३. दारू आणि मेंदू*
चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला मिळत नाही आणि उसावर केवडा पडतो. दारूने बी१ जीवनसत्त्वाचं तसंच होतं. पिणारा नीट जेवत नाही, आणि जेवला तरी आतड्यातून बी१ पुरेसं शोषलं जात नाही. त्याविना मेंदू चालत नाही. चालताना तोल जाणं, डोळे विचित्र फिरणं किंवा एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं. वेळेत बी१ चं इंजेक्शन मिळालं तर माणूस सुधारतो. उशीर झाला तर गेलेली स्मरणशक्ती बऱ्याचदा पूर्ण परत येत नाही.

*४. अचानक बंद केल्यावर*
दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. रोज ब्रेक दाबलेला, म्हणून मेंदू रेस वाढवत जातो. एका दिवसात ब्रेक सोडला की गाडी सुसाट सुटते.
- ६ ते २४ तास: हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, झोप नाही
- पहिले दोन दिवस: फिट येऊ शकते
- दुसऱ्या ते चौथ्या दिवशी: किडे, माणसं दिसणं, बडबड, वेळ-जागा न कळणं

घरचे म्हणतात, 'बाहेरचं लागलं', आणि देवऋषीकडे नेतात. हे बाहेरचं नाही, दारू सुटल्याचा झटका आहे. यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो.

*काय करायचं?*
✅ रोज पिणारे, सकाळी हात थरथरणारे किंवा आधी कधी फिट आलेले, यांनी श्रावणाआधी डॉक्टरांना भेटा. औषधं देऊन दारू सुरक्षित सोडवता येते.
✅ फिट आली किंवा भास सुरू झाले तर लगेच *१०८*. फिटमध्ये कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.
✅ दवाखान्यात 'हा रोज पितो, अमुक दिवशी सोडली' हे लाज न बाळगता सांगा. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं बी१ संपू शकतं. डॉक्टरांना माहीत असेल तर ते बी१ आधी किंवा सोबत देतात.
✅ व्यसनमुक्तीसाठी मोफत हेल्पलाइन *१४४४६*, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस *१४४१६*. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये आणि सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यांतही चौकशी करा.

जे कधीमधी पितात त्यांनी खुशाल आजच बंद करा. जे रोज पितात त्यांनीही करा, पण डॉक्टरांना सांगून. आणि श्रावण संपला म्हणून पुन्हा सुरू करायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

हा मेसेज घरात मोठ्याने वाचून दाखवा. थरथरणारा हात आधी घरच्या बाईला दिसतो. सोयाबीन फवारणीचा सल्ला उद्या सकाळी पाठवतो.

– आपला कृषी सल्लागार