पांच स्वरांची हांक

बोलपटांतील संगीत म्हणजे त्यांतील गाणीं, अशीच आपल्या बहुतेक घरांतील समजूत आहे. मागें वाजणाऱ्या वाद्यवृंदास वडील मंडळी 'गोंगाट' म्हणून मोकळी होतात. तरुण मंडळींस तोच गोंगाट प्रिय असतो, पण तो कां प्रिय आहे हें त्यांस सांगतां येत नाहीं. एकाच माजघरांत राहणाऱ्या दोन पिढ्यांमध्यें कानांमुळें असें अंतर पडावें, हें आम्हांस खेदाचें वाटतें. याकरितां एका विज्ञानकल्पित परकीय चित्रपटाच्या वाद्यसंगीताकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

हा चित्रपट म्हणजे १९७७ सालीं अमेरिकेंत निघालेला 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' होय. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, संगीतकार जॉन विल्यम्स. परग्रहावरील प्राणी पृथ्वीवर येतात. त्यांची भाषा आपणांस ठाऊक नाहीं, आपली त्यांस नाहीं. तेव्हां उभयतांमध्यें बोलणें व्हावयाचें तें केवळ पांच स्वरांनीं. रे, ग, सा. मग एक सप्तक खालचा सा. आणि शेवटीं त्या खालच्या सा चा पंचम. ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं हे स्वर अवश्य वाजवून पाहावे. षड्जावर येऊन विसावण्याची संवय लागलेला आपला कान येथें पंचमावर अडतो, आणि कोणी उंबऱ्याशीं उभें राहून "घरांत कोण आहे?" असें विचारीत आहे कीं काय, असें वाटूं लागतें. स्पीलबर्ग यांस गाणें नकोच होतें, हांक हवी होती. एवढ्या पांच स्वरांसाठीं विल्यम्स यांनीं शेंकडों रचना करून पाहिल्या.

आतां मराठी वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट. हे स्वर मनुष्याच्या कंठांतून चित्रपटांत प्रथम उमटतात ते हिंदुस्थानांत. हजारोंचा समुदाय ते एकसारखे म्हणत असतो. हा ध्वनि कोठून आला असें विचारतांच सर्वांचीं बोटें एकदम आकाशाकडे वळतात. कथेंत या स्थळाचें नांव धर्मशाला असें सांगितलें असलें, तरी चित्रण झालें तें आपल्या खालापुराजवळच्या हाळ गांवीं! पाश्चात्त्यांस हिंदी माणूस दिसला कीं तो गूढ भक्तच दिसावयाचा, ही खोड येथेंही आहेच, आणि ती आम्हांस रुचत नाहीं. तथापि संगीताच्या दृष्टीनें पाहतां सारा चित्रपट या प्रसंगावर फिरतो. शास्त्रज्ञांच्या यंत्रांत पुढें जें वाजतें तें आधीं या लोकांच्या तोंडीं आलेलें असतें.

आमच्या नृसिंहवाडीस पालखीच्या वेळीं पदें ऐकलेल्यांस या प्रसंगाची गोडी निराळी सांगावयास नको. आमच्या घरच्या वृद्ध आत्याबाई 'कसले हे यंत्रांचे खेळ' म्हणून पाठ फिरवून बसल्या होत्या, हा समुदाय गाऊं लागतांच त्या वळल्या व म्हणाल्या, "अरे, हें तर पालखीसारखें! कोणी पुढें, कोणी मागें, पण सूर एकच." आमच्या पुतण्यानें दहा मिनिटें व्याख्यान देऊनही जें साधलें नसतें, तें त्या एका वाक्यानें साधलें. त्या रात्रीं दोघांनीं पुढचा भाग शेजारीं बसून ऐकला.

चित्रपटाचा आरंभ मात्र कठीण आहे. पडदा काळा, आणि वाद्यें व कंठस्वर यांचा एक अस्पष्ट ध्वनि वाढत वाढत जाऊन एकदम फुटतो. येथें राग शोधूं नये. आपल्याकडे तंबोऱ्याच्या आधारावर एकच स्वर प्रवास करितो. या वाद्यवृंदांत अनेक स्वर एकाच वेळीं उभे राहतात, आणि भय दाखवावयाचें असेल तेव्हां अगदीं लगतचे स्वर एकमेकांवर घासले जातात. कृष्णेस पूर येतो तेव्हां लाट अशी दिसत नाहीं. घाटाची एकेक पायरी तेवढी नाहींशी होत जाते. तसें हें ऐकावें. पाहुणे दुष्ट नाहींत हें जसजसें कळत जातें तसतसें हें घर्षण निवळतें, आणि अखेरीस वाद्यवृंद उघडपणें मधुर होतो. हा पालट कोणी पात्र बोलून सांगत नाहीं. तो कानांनींच कळावयाचा.

सर्वांत रंगतदार भाग शेवटचा. माणसें सिंथेसायझरवर ते पांच स्वर वाजवितात. प्रचंड यान ट्यूबा या पितळी वाद्याच्या खर्जांत उत्तर देतें, आणि तें इतक्या जोरानें कीं कांच फुटते! मग सवाल-जवाब सुरू होतात व लय चढत जाते. जुगलबंदी ऐकलेल्या आपल्या वडील मंडळींस येथें भाषांतराची गरज नाहीं. यंत्रावर बसलेला गृहस्थ फिल डॉड्स हा मुळांत नट नव्हे. तें यंत्र बसवून देण्यास कंपनीनें धाडलेला तो इंजिनियर, त्यालाच दिग्दर्शकानें भूमिका दिली.

पार्श्वसंगीत असावेंच असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या 'प्रभात'चा जन्म १९२९ सालीं आमच्या कोल्हापुरांत झाला, तिनेंच १९३७ सालीं 'कुंकू'मध्यें तें टाळून नैसर्गिक आवाजांवर भर दिला, आणि तें शोभलें. परंतु येथें वाद्यवृंद काढून घेतला तर कथाच उरत नाहीं. त्याच वर्षीं विल्यम्स यांनीं 'स्टार वॉर्स'लाही संगीत दिलें. दोन्ही ऑस्करच्या स्पर्धेंत होतीं, आणि पारितोषिक 'स्टार वॉर्स'ला मिळालें. तुताऱ्यांचा तो जयघोष लोकांस चटकन् पाठ होतो हें खरें. आम्ही मात्र या दुसऱ्यासच पहिला मान देऊं.