पीक-कापणीचा अंदाज आणि विम्याची रक्कम

आपल्या मंडळांत पीक हेक्टरी किती उतरलें हें विमा-कंपनीस कळतें तरी कसें, असें अनेक शेतकरीबंधू आम्हांस विचारतात. प्रत्येक शेत कोणी मोजीत नाहीं. थोडीं शेतें मोजून त्यांवरून सर्वांचें अनुमान करावयाचें, हीच रीत होय.

आमची सारी नोकरी आणेवारीच्या कागदांत गेली. नांव आणेवारीचें, आंकडे मात्र पैशांचे! ही पाहणी बव्हंशीं नजरेची. आणि नजर सडकेलगतच्या शेतावर आधीं पडते. हा दोष काढण्यासाठीं शेत माणसानें न निवडतां चिठ्ठीनें निवडावें, ही कल्पना पुढें आली. 1920 नंतरच्या दशकांत हबॅक यांनीं बिहार-ओरिसांत भाताच्या कापणीवर व पुढें महालनोबिस यांनीं बंगालच्या तागावर असे प्रयोग केले. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं 1911 सालीं जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीं दाखवून दिलें कीं, तुकडा फार लहान घेतल्यास कडेचीं झाडें आंत ओढलीं जातात व उत्पन्न फुगून दिसतें.

प्रयोगांत गट नंबर यदृच्छेनें निघतो, आणि शेतांतील तुकड्याची जागाही तशीच ठरते. तुकड्याचें माप पिकाप्रमाणें बदलतें. 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद धरल्यास तो हेक्टराचा दोनशेंवा भाग होतो. म्हणून त्यांतील किलोंची दुप्पट म्हणजेच हेक्टरी क्विंटल. येथें पावशेराची चूकही हेक्टरी अर्ध्या क्विंटलाची होते, हें ध्यानांत ठेवावें.

आतां एक कल्पित उदाहरण घेऊं. मंडळांतील दहा तुकड्यांवरून सोयाबीनचें हेक्टरी उत्पन्न 6, 14, 9, 11, 4, 12, 8, 15, 10 व 11 क्विंटल निघालें. सरासरी 10. परंतु चिठ्ठ्या दुसऱ्या निघाल्या असत्या तर सरासरीही निराळी आली असती. ती किती हलते, हें या आंकड्यांच्या पसाऱ्यावरूनच काढतां येतें. प्रत्येक आंकड्याचें दहापासून अंतर घेऊन त्याचा वर्ग करावा. बेरीज 104 येते. तीस नवांनीं भागून वर्गमूळ काढल्यास सुमारें 3.4. यास दहाच्या वर्गमुळानें भागिलें म्हणजे 1.1 च्या आंतबाहेर. अर्थ असा कीं, खरी सरासरी नऊ ते अकराच्या दरम्यान असण्याचा संभव बराच, पण खात्री नाहीं. ही चूक निम्मी करावयाची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाहीं, चौपट करावे लागतात.

आतां पैशांकडे वळूं. 2016 सालच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या रीतीनें, उंबरठा उत्पन्नापेक्षां प्रत्यक्ष उत्पन्न जितक्या अंशानें कमी, तितका अंश विमा-रकमेचा मिळावयाचा. उंबरठा 12 क्विंटल व विमा 48,000 रुपये धरा. सरासरी 10 आल्यास 8,000 रुपये. 11 आल्यास 4,000. 9 आल्यास 12,000. शेतांत कांहींच बदललें नाहीं, केवळ चिठ्ठ्या बदलल्या!

यदृच्छेची ही चूक कोणाच्या बाजूची नसते. एका वर्षीं वर, दुसऱ्या वर्षीं खालीं. निवडीची चूक तशी नव्हे. आमच्या पाहण्यांत एका ठिकाणीं चिठ्ठींतला गट दूर ओढ्यापलीकडे म्हणून जवळच्या बागायताच्या कडेचें पीक कापलें गेलें. सरासरी चढली आणि कोरडवाहूवाल्यांचा दावा बुडाला. अशी चूक प्रयोगांची संख्या वाढवूनही जात नाहीं.

शिवाय शेजारचीं शेतें सारखीं पिकतात. एकाच ओढ्याकाठचे दहा तुकडे हे माहितीच्या दृष्टीनें दहा नव्हेत. दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींत डॅनी क्रीगे यांनीं 1951 सालीं याच गोष्टीचा उपयोग केला, व जवळच्या नमुन्यास अधिक वजन देण्याची रीत पुढें त्यांच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. माती व पाऊस यांचे नकाशे आज तिनेंच काढतात.

कापणीच्या दिवशीं शेतकऱ्यानें स्वतः हजर राहावें. चिठ्ठींतला गट व कापलेला गट एकच आहे ना, दोरी ताणलेली आहे ना, आणि वजन ओल्या मालाचें कीं वाळलेल्या, हें पाहूनच पंचनाम्यावर सही करावी.