वीरकथेच्या साच्यात न मावलेली माणसे

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेत दरवर्षी पोवाडा होई. नायक बदलत, कथा मात्र तीच वाटे. आधी अन्याय, मग घर सोडणे, डोंगराचा आसरा, खजिन्याची लूट, तुरुंगातून उडी आणि शेवटी फितुरी. शाहिराने डफावर थाप मारली की पुढचा प्रसंग आम्ही पोरे आधीच सांगत असू. या सारखेपणाचे कोडे मला पुढे अभ्यासकांकडे घेऊन गेले.

व्लादिमिर प्रॉपने 1928 साली रशियन परीकथांतून 31 घटना-घटक वेगळे काढले. लॉर्ड रॅगलनने 1936 मध्ये पुराणवीरांच्या चरित्रांतले 22 मुद्दे मांडले. जोसेफ कॅम्बेलने 1949 मध्ये प्रस्थान, कसोटी आणि परतणे अशी तीन टप्प्यांची वाट आखली. आपल्या मुलखाला सर्वांत जवळचा वाटतो तो इतिहासकार एरिक हॉब्सबॉम. 1969 च्या ‘बँडिट्स’मध्ये त्याने ‘थोर दरोडेखोरा’ची नऊ लक्षणे दिली. तो अन्यायाचा बळी म्हणून बंडात उतरतो, श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देतो, लोक त्याला लपवतात, त्याचे वैर स्थानिक जुलमी माणसांशी असते, राजाशी नसते, आणि तो मरतो तो फितुरीनेच.

हा साचा हाती घेऊन मी अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ पुन्हा वाचली. वाटेगावच्या अण्णाभाऊंची ही कादंबरी 1959 साली आली. सुरुवात प्रॉपला शोभेल अशी आहे. राणोजी शेजारच्या शिगावातून जोगणी आणायला जातो, ती मिळवतो आणि त्याचा पाठलाग होतो. परीकथेत अशा वेळी नायक सुटतो. इथे राणोजी मारला जातो आणि कथा मुलाच्या, फकिराच्या, खांद्यावर येते. पुढे दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी धान्य लुटणे, सरकारी खजिन्यावर हात घालणे, हे सारे हॉब्सबॉमच्या यादीत बसते.

पण दोन ठिकाणी अण्णाभाऊ साचा मोडतात. पहिले, गावचे शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी फकिराच्या पाठीशी उभे राहतात, आणि त्याची खरी झुंज इंग्रजी राज्याशी होते. म्हणजे इथे राजाच अन्यायी ठरतो. दुसरे, फकिराचा शेवट केवळ फितुरीने होत नाही. आपली माणसे ओलीस धरली गेल्यावर तो स्वतःहून शरण जातो. ज्यांच्यासाठी बंड केले, त्यांच्यासाठीच बंड संपवतो. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती. ते लक्षात घेतले, तर शौर्याचे माप त्यांनी तलवारीपलीकडे नेले याचे नवल वाटत नाही.

साचा कथेला उपयोगी असतो. त्याच्या आधारावर शाहीर रात्रभर गातो आणि ऐकणाराही कथा विसरत नाही. अडचण होते ती खरा इतिहास त्यात ओतल्यावर. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच भागात उभे राहिले. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले. दादांची ती उडी आणि त्यांना लागलेली गोळी आजही घरोघरी सांगतात. त्याच दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. कथेला नायक एकच लागतो. म्हणून ही दोन नावे कित्येकदा ‘इतर साथीदार’ या शब्दांत बुडून जातात.

प्रतिसरकारचे मोठे काम तर साच्यात बसतच नाही. गावोगावची न्यायदान मंडळे, कमी खर्चाची लग्ने, सावकारीला आळा ही कामे बैठका घेऊन, चर्चा करून, चिकाटीने झाली. त्यात पाठलाग नाही, उडी नाही. त्यावर पोवाडा रचायचा तर शाहिरापुढे प्रश्नच पडेल.

बायकांची गोष्ट आणखी अवघड. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्याजवळ नवरा-बायकोच्या भांडणाचे नाटक केले. मारहाण थांबवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारे पळवली. साच्यात बाई असते ती वाट पाहणारी आई, नाहीतर मागे राहिलेली पत्नी. मार खाणाऱ्या बाईचे सोंग घेऊन सत्तेला फसवणारी बाई त्याला ठाऊकच नाही.

माझी आजी भूमिगतांना रात्री भाकरी पोचवत असे. मी तिला एकदा म्हणालो, “आजी, तुझ्यावरही पोवाडा व्हायला पाहिजे.” ती म्हणाली, “भाकरीचा कसला रं पोवाडा?” तेव्हा मी हसलो होतो. आज वाटते, साच्याची मर्यादा इतकी नेमकी कुणा पंडिताने सांगितली नसेल. तिने किती रात्री, किती भाकरी, कुणाकुणाला दिल्या, हे मी विचारले नाही. पुढे ती गेली आणि विचारायला कुणी उरले नाही.

म्हणून आता गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मी आधी लढाईचे विचारत नाही. त्या रात्री चूल कुणी पेटवली, हे विचारतो.