अभिजात मोटारींतील व्हॅक्यूमचालित हीटर व वातानुकूलन घटकांची तपासणी

अभिजात मोटारींतील व्हॅक्यूमचालित हीटर व वातानुकूलन घटकांची तपासणी ही मोटार दुरुस्तीतील एक निदानपद्धती आहे. जुन्या मोटारींत हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा आणि हीटरचे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह हे घटक इंजिनाकडून मिळणाऱ्या अंशनिर्वातावर, म्हणजेच व्हॅक्यूमवर चालत. यांपैकी कोणता घटक गळतो अथवा अडकतो, हे डॅशबोर्ड न उघडता शोधणे हा या तपासणीचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

इंजिनाच्या व्हॅक्यूमचा वापर काच पुसणाऱ्या वायपरसाठी रूढ झाला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. त्या काळातील अनेक अमेरिकी मोटारींचे वायपर व्हॅक्यूमवर चालत आणि चढावर इंजिनावर भार येताच मंदावत. १९६० व १९७०च्या दशकांत अमेरिकी आणि जर्मन उत्पादकांनी हेच तत्त्व हीटर व वातानुकूलनासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू १२४ या मोटारीचे आहे. मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि १९९५ पासून पुण्याजवळील पिंपरी येथे, टेल्कोच्या आवारात, या मोटारीची जुळणी होऊ लागली. तिच्या डॅशबोर्डमागील हवेच्या झडपा व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डब्यांनी हलतात.

रचना आणि कार्य

पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा ओढतो आणि थ्रॉटल तिला अडवतो. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो. डिझेल इंजिनात सहसा असा थ्रॉटल नसतो, म्हणून तेथे इंजिनावर चालणारा स्वतंत्र व्हॅक्यूम पंप बसवतात.

हा व्हॅक्यूम एकदिशा व्हॉल्व्हमधून साठवणटाकीत जातो. तेथून तो नियंत्रण स्विचमार्गे किंवा विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमार्गे वेगवेगळ्या डब्यांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक डब्यात रबरी पडदा, स्प्रिंग व दांडा असतो. पडद्याच्या एका बाजूस व्हॅक्यूम मिळाला की दुसऱ्या बाजूची वातावरणातील हवा त्याला ढकलते आणि दांडा झडप फिरवतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर पाऱ्याच्या ५०० मिलिमीटर व्हॅक्यूममुळे सुमारे १३ किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. व्हॅक्यूम निम्मा झाला की जोरही निम्मा होतो आणि झडप अर्धवट उघडी राहते.

अनेक मोटारींत व्हॅक्यूम नाहीसा झाल्यास हवा आपोआप पुढील काचेकडे वळते. ही रचना सुरक्षिततेसाठी जाणीवपूर्वक केलेली असते, कारण पावसाळ्यात काचेवर धरणारे बाष्प घालवणे सर्वांत निकडीचे असते.

लक्षणे

सर्वसाधारण लक्षणे पुढीलप्रमाणे असतात:

• हवा सतत काचेकडेच येणे – मुख्य नळी, टाकी अथवा नियंत्रण स्विच यांत गळती.
• फक्त चढावर किंवा वेग वाढवताना हवेची दिशा बदलणे – एकदिशा व्हॉल्व्ह निकामी असणे किंवा टाकी गळकी असणे.
• एकच झडप न हलणे – त्या झडपेचा डबा, त्याची नळी किंवा सांधा खराब असणे.
• कॉम्प्रेसर चालू असूनही कोमट हवा येणे – हीटरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होणे.

शेवटच्या लक्षणात दोष शीतकरणाचा मानून पुन्हा गॅस भरला जाण्याची शक्यता असते. व्हॉल्व्हची तपासणी आधी केल्यास हा खर्च टळतो.

तपासणीची पद्धत

तपासणीसाठी मापक जोडलेला, हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप, काही रबरी बुचे आणि मोटारीच्या नळ्यांचा आराखडा पुरेसा असतो.

१. स्रोत – इंजिन मंद गतीवर चालू ठेवून मुख्य नळीवरील व्हॅक्यूम मोजतात. येथेच तो कमी असेल, तर दोष इंजिनात, पंपात किंवा मुख्य जोडणीत असतो. अशा वेळी डबे तपासणे व्यर्थ ठरते.

२. एकदिशा व्हॉल्व्ह व टाकी – व्हॉल्व्हमधून हवा एकाच बाजूस गेली पाहिजे. टाकीत पंपाने व्हॅक्यूम निर्माण केल्यावर काटा स्थिर राहिला पाहिजे.

३. शाखा – नियंत्रण स्विचपाशी एकेक शाखा बुचाने बंद करतात. ज्या शाखेला बूच लावताच काटा वर चढतो, तिच्यात गळती असते.

४. डबा – पंप थेट डब्याला जोडून सुमारे ४०० ते ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम देतात. दांडा पूर्ण सरकला पाहिजे आणि काटा किमान १ मिनिट स्थिर राहिला पाहिजे. काटा घसरल्यास पडदा फाटलेला असतो. काटा स्थिर असूनही दांडा सरकत नसेल, तर झडप किंवा तिची दांडी अडकलेली असते.

५. हीटर व्हॉल्व्ह – काही प्रकारांत व्हॅक्यूम मिळाल्यावर हा व्हॉल्व्ह बंद होतो, काहींत उघडतो. बंद अवस्थेत त्याच्या पुढची नळी हळूहळू थंड झाली पाहिजे.

कडक प्लॅस्टिकच्या नळ्यांपेक्षा त्यांना जोडणारे रबरी सांधे बहुधा आधी तडकतात. इंजिनाची उष्णता आणि मराठवाड्यात ४० अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा रबर कडक करतो. म्हणून डबे बदलण्यापूर्वी सांधे तपासणे इष्ट ठरते.

उंचीचा परिणाम

मापक हा वातावरणाच्या दाबाशी तुलना करतो, त्यामुळे स्थळाची उंची महत्त्वाची ठरते. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. छत्रपती संभाजीनगर शहर व त्याच्या उत्तरेचा हर्सूल परिसर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तेथे तो साधारण ७१० मिलिमीटर असतो. म्हणजे निर्दोष पंपालाही या परिसरात ७१० मिलिमीटरच्या पुढे काटा नेता येत नाही. मुंबईत मंद गतीवर ४५० मिलिमीटर दाखवणारे पेट्रोल इंजिन हर्सूल येथे ४००च्या आसपास दाखवील. समुद्रसपाटीसाठीचे आकडे जसेच्या तसे लावल्यास निरोगी इंजिन किंवा पंप सदोष ठरवला जाऊ शकतो. डब्याच्या तपासणीवर मात्र याचा परिणाम होत नाही, कारण तेथे दिलेला व्हॅक्यूम टिकतो की नाही एवढेच पाहायचे असते.

इतर यंत्रणांशी संबंध

व्हॅक्यूमची गळती केवळ गैरसोयीपुरती मर्यादित नसते. ब्रेकचा जोर वाढवणारा सर्वो अनेक मोटारींत त्याच स्रोतावर चालतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील डिझेल मोटारींत किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होण्याची क्रियाही व्हॅक्यूमवर होते, आणि दारांचे केंद्रीय कुलूपही त्याच यंत्रणेला जोडलेले असते. त्यामुळे किल्ली काढूनही इंजिन चालू राहणे हे दाराच्या कुलपातील फाटक्या पडद्याचे लक्षण असू शकते.

दक्षता

इंजिन चालू असताना पट्टा व पंखा यांपासून हात व कपडे दूर ठेवावे लागतात. बंद गॅरेजात इंजिन चालवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. हीटरची नळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सोडतात. ब्रेक सर्वोची नळी तपासणीसाठी सोडली असल्यास ती पुन्हा घट्ट बसवून, ब्रेक पाहूनच मोटार रस्त्यावर आणतात. या तपासणीत शीतकरणाच्या गॅसची वाहिनी उघडण्याची आवश्यकता नसते.