बिलिमोरा ते वघई : अडीच फुटी रुळांवरून

सुरतेला गेलेला माणूस जरीची साडी आणि घारी घेऊन परततो. एका मे महिन्यात तेथे मुक्काम असता मी एक दिवस आगगाडीसाठी राखून ठेवला. दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर बिलिमोरा. तेथून डांगातील वघईपर्यंत ६३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग जातो.

रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १६७६. रूळ जवळ असले की वळणे आखूड घेता येतात, भराव आणि खोदाई कमी लागते, खर्च वाचतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९१३ च्या सुमारास, हा मार्ग झाला तो सहलीसाठी नव्हे, डांगचे सागवान बाहेर आणण्यासाठी!

गणदेवीच्या चिकू-आंब्याच्या बागा संपतात, गरम पाण्याच्या झऱ्यांचे उनाई मागे पडते आणि साग सुरू होतो. पावसाळ्यात यावे, असे सारे सांगतात. मला मात्र उन्हाळाच पसंत पडला; पाने झडलेली असल्याने रानातून टेकड्यांची ठेवण स्पष्ट दिसते. डब्यात डांगी बोली चालली होती. आपल्या कानांना ती निम्मी तरी कळते.

२०२० च्या डिसेंबरात हा मार्ग तोट्याचा म्हणून बंद करण्याचे ठरले होते. लोकांनी विरोध केला. सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा धावली, ती मोठ्या काचांचा वातानुकूलित डबा जोडून. तो आमच्यासारख्यांसाठी. बाजाराची टोपली घेतलेल्या बाया साध्या डब्यातच होत्या, आणि गर्दीही तेथेच होती.