बाळंतपणाला माहेरी जाताय? कार्ड बरोबर न्या



पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत. ओटी भरली की लेक माहेरी येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावरच सासरी परतते. रीत चांगली आहे, पोरीला विसावा मिळतो. पण यात एक घोटाळा होतो. समजा, सासर कागल तालुक्यात आणि माहेर राधानगरीकडं. सासरच्या आशाताईंच्या वहीत नाव आहे, पण बाई गावात नाही. माहेरच्या आशाताईंना ती आल्याचं कुणी कळवलेलं नाही. मदत दोन्ही गावांत असते आणि बाळंतीण मात्र तिला मुकते.

म्हणून निघताना माता-बाल संरक्षण कार्ड आठवणीनं पिशवीत घाला. माहेरी पोहोचलात की आईला किंवा भावजयीला अंगणवाडीत पाठवून नाव नोंदवा. गरोदर व स्तनदा मातेचा पोषण आहार तिथं मिळतो. गावातला लसीकरणाचा दिवसही तिथंच कळतो. माहेर सरहद्दीपलीकडं, निपाणी-चिकोडीकडं असलं तरी कार्ड न्याच. बाळाच्या मुख्य लसी तिकडंही त्याच असतात : जन्मताच, मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी. बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवर-रुबेलाची लस असते.

दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन घेतात, ताप पाहतात, बाळ नीट अंगावर पितंय का ते विचारतात. बाळ प्यायचं थांबलं, गार पडलं, किंवा आईला जास्त रक्तस्राव होऊ लागला, तर त्यांची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी जाण्या-येण्याला १०२ ची गाडी आहे, तिचे पैसे पडत नाहीत. गरज पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवतात.

बेचाळिसाव्या दिवसाची भेट विशेष महत्त्वाची. “अजून पाळी आली नाही, म्हंजे काय भ्या नाही,” असं पुष्कळ घरांत म्हणतात. ते पुरतं खरं नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, दिवसरात्र फक्त अंगावरच पितंय आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तेवढ्यापुरतंच हे चालतं. यातली एक जरी सुटली, तरी पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. मग मांडीवर एक आणि पोटात एक! पहिल्या बाळंतपणात गेलेलं रक्त अजून भरून आलेलं नसतं.

तेव्हा सासरी परतण्याआधीच ठरवा. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी बसवता येते. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. ‘अंतरा’चं इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर सुरू करून दर तीन महिन्यांनी घ्यायचं. ‘छाया’ गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. ‘माला-एन’ मात्र पहिले सहा महिने नको. निरोध तर केव्हाही चालतो. कुणाला काय मानवेल, ते नर्सबाई तपासून सांगतील. सरकारी दवाखान्यात हे सारं मोफत आहे. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर असावं.

आता कारभाऱ्यांना दोन शब्द. म्हशीच्या दुधाला फॅट किती लागली, हे तुम्ही डेअरीत रोज विचारता. बायकोचं हिमोग्लोबिन किती, हे कधी विचारलंत? रविवारी बाळ बघायला सासुरवाडीला जाल, तेव्हा बाळंतीण लोहाच्या गोळ्या घेते का, ते विचारा. बाळंतपणानंतरही त्या १८० दिवस घ्यायच्या असतात. उपकेंद्र उघडं असेल अशा एखाद्या दिवशी सवड काढा आणि दोघं मिळून नर्सबाईंना भेटा. लाजू नका, त्यांना हे रोजचं आहे.

परत निघताना कार्डावर शेवटची लस लिहिलीय ना ते पाहा आणि सासरच्या आशाताईंना आदल्या दिवशी फोन करून सांगा, “आम्ही उद्या येतोय.”